हंगेरीत शाळा सक्तीची कशी झाली: योझेफ ओत्वोश आणि 1868 चा कायदा

हंगेरीच्या 1868 सालच्या 38व्या कायद्यात एक साधा आकडा आहे. नवी शाळा बांधताना प्रत्येक मुलामागे 8 ते 12 चौरस फूट जागा हवी आणि एका खोलीत 60 पेक्षा जास्त मुलं बसवायची नाहीत. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क, पालकांचं कर्तव्य, धर्मसंस्थांचं स्वातंत्र्य असे मोठे विषय हाताळणारा हा कायदा खोलीच्या मापापर्यंत खाली उतरतो. तो आणणारे बॅरन योझेफ ओत्वोश हे कादंबरीकार, राजकीय विचारवंत आणि हंगेरीचे दोन वेळचे शिक्षणमंत्री. सक्तीचं शिक्षण हवं असं त्या काळात युरोपात बरेच जण म्हणत होते. ओत्वोश यांनी त्या म्हणण्याला खोली, पगार, तास आणि दंड जोडला, आणि आमच्या मते त्यांचं खरं मोठेपण तिथे आहे. कायदा जिथे अडला, तिथे कोणत्या तरतुदीपाशी अडला हेही त्यामुळे नेमकं दाखवता येतं.

ओत्वोश यांचा जन्म 3 सप्टेंबर 1813 रोजी बुडा इथे झाला. बुडा आणि पेश्त ही तेव्हा डॅन्यूब नदीच्या दोन तीरांवरची वेगळी शहरं होती. ती 1873 मध्ये एक झाली. आजोबा आणि वडील दोघेही व्हिएन्नातून हंगेरीवर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याच्या दरबाराशी निष्ठावंत असलेले बडे अधिकारी. आई जर्मन. घरातली भाषा जर्मनच, हंगेरियन भाषा मुलानं नंतर मेहनतीनं आपलीशी केली. बालपण आजोबांच्या एर्ची इथल्या जहागिरीवर गेलं. त्यांचे घरचे शिक्षक मात्र 1790 च्या दशकातल्या हंगेरियन जॅकोबिन कटात, म्हणजे फ्रेंच क्रांतीच्या प्रेरणेनं राजसत्तेविरुद्ध रचलेल्या कटात, सापडलेले गृहस्थ होते. राजनिष्ठ घर आणि बंडखोर मास्तर अशा दोन टोकांमध्ये हा मुलगा वाढला.

कायद्याचं शिक्षण आणि थोडी सरकारी नोकरी झाल्यावर 1836-37 मध्ये त्यांनी पश्चिम युरोपचा प्रवास केला. परतल्यावरच्या लेखनात त्याचे पडसाद दिसतात. 1838 मध्ये तुरुंगसुधारणेवर, 1840 मध्ये आयर्लंडमधल्या दारिद्र्यावर आणि त्याच वर्षी ज्यू लोकांना समान नागरी हक्क मिळावेत यासाठी त्यांनी लिहिलं. 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंबाची मालमत्ता बुडाली आणि या बॅरनला लेखणीवर पोट भरावं लागलं.

त्यांच्या राजकारणाचा कणा समजण्यासाठी त्या वेळचा एक वाद माहीत हवा. हंगेरीचा कारभार ‘व्हार्मेद्ये’ या जिल्ह्यासारख्या घटकांमधून चाले आणि ते स्थानिक सरदारांच्या हातात असत. लायोश कोशुत यांच्यासारखे राष्ट्रीय नेते या जिल्ह्यांकडे व्हिएन्नाविरुद्धची तटबंदी म्हणून पाहत. ओत्वोश आणि त्यांच्या मित्रांना ही तटबंदी आतून सडलेली दिसत होती. कर भरणाऱ्या कुळाला तिथे मत नाही, न्याय देणारा अधिकारी जमीनदाराचा सोयरा, आणि दाद मागायची तीही त्याच्याकडेच. त्यावर उपाय म्हणजे निवडून आलेली संसद आणि तिला जबाबदार असलेलं मंत्रिमंडळ. या गटाला ‘केंद्रवादी’ म्हणत. 1844 पासून ‘पेश्ती हिर्लाप’ हे वृत्तपत्र त्यांच्याकडे आलं. 1845 मधल्या आपल्या कादंबरीत ओत्वोश यांनी हाच जिल्हा कारभार एका खेड्यातल्या कारकुनाच्या गोष्टीतून उघडा पाडला. गावपातळीवरच्या सत्तेबद्दलचा हा अविश्वास पुढे शाळेच्या कायद्यातही उतरला.

एप्रिल 1848 मध्ये लायोश बाच्यानी यांच्या नेतृत्वाखाली हंगेरीचं पहिलं जबाबदार मंत्रिमंडळ आलं. चौतिसाव्या वर्षी ओत्वोश धर्म आणि शिक्षण खात्याचे मंत्री झाले. जुलैमध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मुलग्यांना 6 ते 12 आणि मुलींना 6 ते 10 वर्षं शाळा सक्तीची, तीही मोफत. कनिष्ठ सभागृहानं ते दुरुस्त्यांसह मान्य केलं, वरिष्ठ सभागृहानं लांबणीवर टाकलं आणि तेवढ्यात व्हिएन्नाशी युद्ध पेटलं. 28 सप्टेंबरला शाही सेनापती लाम्बेर्ग यांची पेश्तच्या पुलावर जमावानं हत्या केली. ओत्वोश देश सोडून म्युनिकला गेले. क्रांती चिरडली गेल्यावर 6 ऑक्टोबर 1849 रोजी बाच्यानी यांना गोळ्या घालण्यात आल्या.

म्युनिकमध्ये ओत्वोश विचार करत राहिले आणि 1851 व 1854 मध्ये त्यांचा राज्यशास्त्रावरचा ग्रंथ दोन खंडांत आला. त्याचा गाभा सोप्या शब्दांत असा: स्वातंत्र्य, समता आणि राष्ट्रीयत्व या शतकाच्या तीन मोठ्या कल्पना आहेत, पण लोक त्या ज्या अर्थानं वापरतात त्या अर्थानं त्या एकमेकींच्या मुळावर येतात. बहुमताच्या नावानं केंद्र सर्वशक्तिमान झालं की व्यक्तीचं स्वातंत्र्य जातं. राष्ट्रीयत्वाच्या नावानं एक समूह दुसऱ्यावर बसू पाहतो. म्हणून राज्य बळकट असावं, पण गाव, धर्मसंस्था आणि संघटना यांना आपापल्या कामात मोकळीक असावी. तरुणपणी केंद्रवादी म्हणवणारा माणूस या टप्प्यावर केंद्रालाही लगाम घालू पाहतो. पहिलं मत त्यांनी टाकून दिलं नाही, दोन्ही मतं एकत्र नांदवली.

1867 मध्ये व्हिएन्ना आणि हंगेरी यांच्यात समझोता झाला आणि ऑस्ट्रिया-हंगेरी हे दुहेरी राज्य अस्तित्वात आलं. 20 फेब्रुवारी 1867 रोजी ज्युला आन्द्राशी यांच्या मंत्रिमंडळात ओत्वोश पुन्हा त्याच खात्याचे मंत्री झाले. हंगेरियन विज्ञान अकादमीचं अध्यक्षपदही 1866 पासून त्यांच्याकडे होतं. हाताशी वेळ फार नव्हता. जेमतेम चार वर्षं मिळाली.

कायदा नेमका कसा चालायचा

शाळेचा कायदा डिसेंबर 1868 मध्ये राजाच्या मंजुरीनं लागू झाला. मसुद्याच्या कामात खात्यातले अनुभवी शिक्षणतज्ज्ञ पाल गोन्सी यांचा मोठा हात होता. क्रोएशियाला शिक्षणात स्वायत्तता असल्यामुळे तो तिथे लागू नव्हता.

पहिली गोष्ट: सक्ती कुणावर? मुलांवर नाही, मोठ्यांवर. आईवडील, पालक, आणि ज्यांच्या घरी मूल चाकरीला किंवा कारागिराकडे शिकाऊ म्हणून आहे ते मालकसुद्धा जबाबदार. 6 ते 12 वर्षांपर्यंत रोजची शाळा, त्यानंतर 15 वर्षं पुरी होईपर्यंत उजळणी शाळा. शिकाऊ मुलाच्या मालकाला या कक्षेत ओढणं फार महत्त्वाचं होतं, नाहीतर दहा वर्षांचं पोर लोहाराकडे ठेवलं की शाळा संपली.

सक्ती शिकण्याची होती, ठरावीक शाळेची नव्हती. घरी शिकवा, खासगी संस्थेत पाठवा, शेजारच्या गावच्या किंवा दुसऱ्या धर्मपंथाच्या शाळेत घाला. मूल शिकलं पाहिजे आणि परीक्षेत ते दिसलं पाहिजे. ओत्वोश यांचा राजकीय विचार ज्या कलमात सर्वात स्वच्छ दिसतो ते हे कलम.

मूल पाठवलं नाही तर आधी समज दिली जाई. मग दंड: पहिल्यांदा 50 क्रायत्सार, दुसऱ्यांदा 1 फोरिंट, तिसऱ्यांदा 2, चौथ्यांदा 4. (एका फोरिंटचे 100 क्रायत्सार.) हे पैसे शाळेच्याच निधीत जात. शिक्षकाचा किमान पगार वर्षाला 300 फोरिंट ठरला होता, म्हणजे चौथा दंड शिक्षकाच्या जवळपास पाच दिवसांच्या पगाराइतका. शेतमजुराच्या घराला तो चांगलाच झोंबणारा होता. एवढं करूनही मूल आलं नाही, तर त्याच्यासाठी वेगळा पालक नेमण्याची तरतूद होती.

आता शाळा कुणी काढायच्या? त्या काळी हंगेरीतल्या जवळजवळ सगळ्या शाळा चर्चच्या होत्या: कॅथलिक, कॅल्व्हिनपंथी, लुथरपंथी, ग्रीक कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ज्यू समाजाच्याही होत्या. सगळ्या ताब्यात घ्यायच्या तर सरकारकडे पैसा नव्हता, आणि ओत्वोश यांना तशी इच्छाही नव्हती. त्यांनी धर्मसंस्थांना शाळा चालवायला, शिक्षक नेमायला आणि पाठ्यपुस्तकं ठरवायला मोकळीक दिली, पण अटींवर. इमारत, विषय, वर्षाचे महिने, शिक्षकाची पात्रता या बाबतीत सरकारी माप सगळ्यांना एकच. माप गाठलं नाही तर तीनदा समज, त्यानंतरही सुधारणा नसेल तर तिथे गावाची शाळा. गावात शाळाच नसेल, किंवा असलेल्या पंथाच्या शाळेत मुलांना घालायची इच्छा नसलेल्या पालकांची 30 मुलं असतील, तर गावानं स्वतः शाळा काढायची. सगळ्या पंथांच्या मुलांनी तिथे एकत्र शिकायचं आणि धर्माचा तास ज्या त्या पंथाच्या माणसानं घ्यायचा.

पैशाचा हिशेब एका काल्पनिक गावावर करून पाहू. समजा गावात शाळेच्या वयाची 200 मुलं आहेत. एका शिक्षकानं साधारणपणे 80 पेक्षा जास्त मुलांना शिकवू नये असं कायदा म्हणतो, म्हणजे तीन शिक्षक. किमान पगारानं वर्षाला 900 फोरिंट. शिवाय प्रत्येकाला राहायला घर आणि किमान पाव होल्ड बाग. होल्ड हे जमिनीचं हंगेरियन माप. होल्डची मापं वेगवेगळी होती, आपल्या हिशेबात ही बाग अंदाजे 10 ते 14 गुंठ्यांची. खोलीत 60 मुलांची मर्यादा धरली तर खोल्या मात्र चार लागतात. शिक्षकामागे 80 आणि खोलीमागे 60 हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. खोलीचा नियम नव्या बांधकामाला होता आणि शिक्षकांचा तुटवडा सगळीकडे होता, हे त्या विसंगतीतून कळतं.

हा खर्च भागवायला गावाला थेट सरकारी करांवर 5 टक्क्यांपर्यंत शाळापट्टी बसवता येई. गावाचा थेट कर 3,000 फोरिंट असेल, तर पट्टीतून 150 फोरिंट येणार, म्हणजे एका शिक्षकाचा अर्धा पगार. उरलेलं गावच्या जमिनीचं उत्पन्न, मुलांची फी आणि देणग्यांमधून. गरीब मुलांना फी माफ होती. तरीही भागलं नाही तर सरकारी मदत मागायची. 1848 च्या विधेयकातलं मोफत शिक्षण 1868 मध्ये टिकलं नाही ते याच हिशेबामुळे. हंगेरीत प्राथमिक शिक्षण सर्वांना मोफत झालं ते थेट 1908 च्या कायद्यानं, चाळीस वर्षांनी.

शाळेचं वर्ष खेड्यात किमान 8 महिने आणि शहरात 9 महिने. रोजच्या शाळेत आठवड्याला 20 ते 25 तास. उजळणी शाळा हिवाळ्यात आठवड्याला 5 तास, उन्हाळ्यात 2. खेड्यातले चार महिने पेरणी-कापणीसाठी मोकळे सोडले होते. विषयांमध्ये वाचन, लेखन, धर्म यांच्याबरोबर तोंडी आणि लेखी हिशेब, देशातली वजनमापं आणि नाणी, भूगोल, इतिहास, निसर्गविज्ञानाची ओळख, शेती आणि बागकामाची प्रत्यक्ष माहिती, गाणं, व्यायाम आणि नागरिकाचे हक्क व कर्तव्यं. बागकाम शिकवायला शिक्षकाला स्वतःला बाग हवी. पाव होल्डची ती तरतूद राहणीमानासाठी जितकी होती, तितकीच शिकवण्यासाठीही.

मोठ्या गावांसाठी पुढची पायरी होती. 5,000 च्या वर वस्ती असेल तर वरिष्ठ प्राथमिक शाळा, मुलग्यांना तीन वर्षं आणि मुलींना दोन. शहरांसाठी ‘पोल्गारी’ म्हणजे नागरी शाळा, मुलग्यांना सहा वर्षं, मुलींना चार. शिक्षक घडवायला देशाच्या वेगवेगळ्या भागांत 20 सरकारी अध्यापक विद्यालयं काढायची होती. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, सोबत सरावाची शाळा आणि शेतीसाठी जमीन. शिक्षकांसाठी खात्यानं 1868 मध्येच एक नियतकालिक सुरू केलं. ते फुकट मिळे आणि हंगेरियनखेरीज देशातल्या इतर भाषांतही निघे.

कुठे अडलं आणि का

कायद्यानंतरच्या पहिल्या मोजणीत, 1869 मध्ये, देशात सुमारे 13,800 शाळा आणि 17,800 शिक्षक निघाले. शाळेच्या वयाच्या मुलांपैकी जेमतेम निम्मी शाळेत होती. दीड हजारांहून जास्त गावांत शाळाच नव्हती. शाळेमागे सरासरी सव्वा शिक्षक, म्हणजे बहुतेक ठिकाणी एकशिक्षकी शाळा.

सगळ्यात मोठं भोक दंडाच्या वसुलीत होतं. कायदा लिहिला पेश्तमध्ये, दंड वसूल करायचा गावच्या अधिकाऱ्यानं. ज्याचं पोर गुरांमागे जातं तो त्याचाच भाऊबंद, नाहीतर त्याच्याच शेतावरचा गडी. गुरं राखणाऱ्या मुलावर गावच्या श्रीमंतांचाही धंदा चालत होता, मग कोण कुणाला दंड करणार? गावकारभारावर ओत्वोश यांचा विश्वास नव्हताच, म्हणून त्यांनी जिल्ह्यावर सरकारी शाळा निरीक्षक नेमले. पण एका निरीक्षकाकडे शेकडो शाळा, रस्ते चिखलाचे, आणि शाळा भरते नेमकी हिवाळ्यात. एखाद्या शाळेत तो वर्षातून एकदा पोचला तरी पुष्कळ.

दुसरी अडचण विखुरलेल्या वस्तीची. मोठ्या हंगेरियन मैदानात शेतकरी गावात न राहता शेतावरच्या सुट्या घरांत राहत. या वस्त्यांना ‘तान्या’ म्हणतात. कागदावर शाळा गावात आहे, मूल मात्र कित्येक किलोमीटर दूर, आणि हिवाळ्यात पायात बूट नाहीत. ‘गाव’ हा घटक धरून लिहिलेला कायदा इथे तोकडा पडला. या वस्त्यांसाठी शाळा बांधण्याची मोठी सरकारी मोहीम पुढे 1920 च्या दशकात कुनो क्लेबेल्सबेर्ग या शिक्षणमंत्र्यांनी हाती घेतली.

तिसरी अडचण शिक्षकाच्या पोटाची. चर्चच्या शाळेत शिक्षक बहुधा प्रार्थनेची गाणी म्हणणारा गायकही असे. पगाराचा मोठा भाग धान्य, सरपण आणि जमिनीच्या रूपात येई. वाईट साल आलं की पगार आटला. 300 फोरिंटची किमान रेषा कायद्यात होती, पण तो पैसा गावाच्या खिशातून निघायचा होता.

तरीही गाडं पुढे सरकलं. 1869 मध्ये सहा वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1910 पर्यंत साधारण दोन-तृतीयांश लोक साक्षर झाले होते.

भाषेचा प्रश्न

त्या वेळच्या हंगेरीत हंगेरियन बोलणारे निम्म्याहूनही कमी होते. बाकीचे रुमानियन, स्लोव्हाक, जर्मन, सर्ब, रुथेनियन. शाळेच्या कायद्यातलं 58वं कलम सांगतं की प्रत्येक मुलाला त्याच्या मातृभाषेत शिकवलं पाहिजे, ती भाषा त्या गावात चालणाऱ्या भाषांपैकी असली म्हणजे झालं. मिश्र वस्तीच्या गावात त्या भाषांत शिकवू शकणारा शिक्षक नेमायचा, मुलांची संख्या मोठी असेल तर वेगवेगळ्या भाषांचे सहायक शिक्षक. त्याच महिन्यात संमत झालेल्या 44व्या कायद्यानं, म्हणजे राष्ट्रीयत्वांच्या कायद्यानं, मोठ्या संख्येनं राहणाऱ्या भाषिक गटांना उच्च शिक्षणाच्या उंबरठ्यापर्यंत मातृभाषेत शिकता यावं ही जबाबदारी राज्यावर टाकली. हा कायदा ओत्वोश आणि 1867 च्या समझोत्याचे शिल्पकार फेरेन्स देआक यांच्या विचारातून आला.

त्यात मर्यादाही होती. कायद्यानं ‘एकच राजकीय राष्ट्र, हंगेरियन’ असं म्हटलं. भाषेचे हक्क व्यक्तीला, गावाला आणि चर्चला मिळाले, स्लोव्हाक किंवा रुमानियन समाजाला राजकीय घटक म्हणून मिळाले नाहीत. त्या समाजांचे प्रतिनिधी म्हणूनच नाराज राहिले. हक्क कायद्यात असले तरी ते मागण्यासाठी समूहाकडे स्वतःची संस्था नव्हती, आणि पुढचं सरकार बदललं की ते हक्क कुरतडणं सोपं झालं. 1879 मध्ये सर्व प्राथमिक शाळांत हंगेरियन भाषा सक्तीचा विषय झाली. तो कायदा आणणारे मंत्री आगोश्तोन त्रेफोर्त हे ओत्वोश यांचे जुने केंद्रवादी सहकारी आणि साडू. 1907 च्या शिक्षणमंत्री आपोन्यी यांच्या कायद्यानं तर सरकारी अनुदान आणि हंगेरियन शिकवण्याची सक्ती एकमेकांना घट्ट बांधली. 58व्या कलमाचा आत्मा तिथवर पोचेपर्यंत फारसा उरला नव्हता. ओत्वोश यांच्या कामातली ही सगळ्यात दुखरी जागा आहे.

ज्यू समाजाच्या बाबतीत त्यांना एक स्पष्ट यश मिळालं. 1840 मध्ये लेखात मागितलेले समान नागरी आणि राजकीय हक्क 1867 च्या 17व्या कायद्यानं दिले. अवघ्या दोन कलमांचा कायदा: पहिलं हक्क देतं, दुसरं त्याविरुद्धचे सगळे जुने नियम रद्द करतं. मग ज्यू समाजाची देशपातळीवर एक संघटना व्हावी म्हणून त्यांनी डिसेंबर 1868 मध्ये प्रतिनिधींची काँग्रेस बोलावली. तिथे सुधारणावादी आणि सनातनी यांच्यात फूट पडली आणि सनातनी बाहेर पडले. एकी करायला गेलं आणि दोन तट कायमचे झाले.

माध्यमिक शाळा आणि विद्यापीठ यांच्या सुधारणेची विधेयकं त्यांच्या हयातीत मार्गी लागली नाहीत. 2 फेब्रुवारी 1871 रोजी, वयाच्या 57 व्या वर्षी, पेश्तमध्ये त्यांचं निधन झालं, दफन एर्चीला. पेरलेल्या काही गोष्टी मागाहून उगवल्या. मोर कार्मान या तरुण अभ्यासकाला त्यांनी शिक्षणशास्त्र शिकायला लाइपझिशला पाठवलं होतं. कार्मान यांनी परतल्यावर 1872 मध्ये पेश्तमध्ये शिक्षकांच्या सरावासाठी आदर्श माध्यमिक शाळा काढली. वायुगतिशास्त्रज्ञ थिओडोर फॉन कार्मान हे मोर यांचे चिरंजीव आणि याच शाळेचे विद्यार्थी.

हंगेरीबद्दल वाचताना ओत्वोश हे नाव दोन माणसांसाठी येतं, आणि गोंधळ हमखास होतो. योझेफ यांचे पुत्र लोरांद (1848-1919) हे भौतिकशास्त्रज्ञ. गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक मोजणारा पीळ-तराजू त्यांचा, आणि भूभौतिकीतलं ‘ओत्वोश’ हे एकक त्यांच्या नावाचं. बुडापेश्तच्या मोठ्या विद्यापीठाला असलेलं नावही लोरांद यांचं. तेही 1894-95 मध्ये काही महिने शिक्षणमंत्री होते, म्हणून नुसतं ‘शिक्षणमंत्री ओत्वोश’ असं लिहिलेलं दिसलं तर साल पाहावं. 1895 मध्ये स्थापन झालेलं, होतकरू शिक्षकांसाठीचं ओत्वोश कॉलेजियम मात्र वडिलांच्या नावाचं आहे. ते लोरांद यांनीच उभारलं.